चढावर वाहिलेला लाव्हा

"शुक्र?"

"नाही हो, आज शनिवार," मी मान वर न करता म्हटलं.

मग काउंटरपलीकडे पाहिलं. एक उंच मुलगा उभा होता. मफलर डोक्यावरून हनुवटीखाली घट्ट बांधलेला, आणि डावा गाल असा टम्म फुगलेला की त्या बाजूचा डोळा अर्धा मिटला होता. उरलेला दीड डोळा मात्र हसत होता.

"वार नाही," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला आणि माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "हा... शुक्र."

मी बघतच राहिले. बाबांच्या दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसणाऱ्या ताई रजेवर असल्या की त्यांच्या खुर्चीत मी बसते, आणि पेशंट येईपर्यंत माझं काम उघडून ठेवते. रडारने काढलेलं ते काळंपांढरं चित्र बघून आजवर प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला होता - हा कुठल्या दाढेचा एक्स-रे? ग्रह कुणीच ओळखला नव्हता. आणि हा तर काउंटरवरून वाकून, उलट्या बाजूने बघत होता!

"तुम्हाला कसं कळलं?"

तो बोलायला गेला, कळ आली, गाल धरला. मग चित्राच्या मधोमध जो फिकट, पसरट उंचवटा होता त्यावर बोट ठेवून महत्प्रयासाने म्हणाला, "हे... खालून आलंय."

"हो हो, खालच्याच दाढेतून येतं ते," मी धीर दिला. "घाबरू नका. बाबा बघतील. बसा तुम्ही."

त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग विचार बदलला आणि जाऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसला. त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं, बिचाऱ्याला फार दुखतंय. तो हसत होता, हे मला सोमवारी कळलं.

आत बराच वेळ गेला. बाहेर आला तेव्हा तोंडात कापसाचा बोळा आणि भूल चढलेली, त्यामुळे बोलणं शक्यच नव्हतं. औषधाची चिठ्ठी घेतली, दारापर्यंत गेला... आणि वळला. माझ्या लॅपटॉपकडे बोट केलं, मग तळहात खालून वर, हळूहळू, काहीतरी जड उचलल्यासारखा नेला. आणि गेला.

"पोरगा बरा आहे," बाबा हात पुसत बाहेर आले. "ओरडला नाही. फक्त सारखं काहीतरी विचारत होता. मला वाटलं दुखतंय, म्हणून मी आणखी भूल दिली. मग कळलं, विचारत होता - तुमची मुलगी कुठे काम करते?"

"बाबा! तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं की. अभिमानाने सांगितलं. तर तो असा दचकला की माझा आरसा खाली पडला."

*

आमच्या केंद्रात एकाच गोष्टीवर सगळ्यांचा जीव टांगलेला असतो. ती गोष्ट म्हणजे शुक्राभोवती फिरणारं आमचं यान. त्या ग्रहावर ढगांचं इतकं जाड पांघरूण आहे की साध्या कॅमेऱ्याला खालची जमीन कधी दिसतच नाही, आणि जमीन अशी तापलेली की शिसं ठेवलं तर पाणी होईल. म्हणून रडार. ढगांना न जुमानता ते खाली पोचतं आणि चित्र घेऊन येतं. ती चित्रं वाचणं हे माझं काम. लाव्हा कुठून फुटला, कुठे गेला, कुठला थर कुठल्या थरावर चढून बसला.

आणि त्या सगळ्या ग्रहात माझा जीव अडकला होता एका उंचवट्यात. एखादा देश मावेल एवढं ते पठार. भोवतालच्या मैदानातून सावकाश वर चढत जाणारं. ते कसं झालं? माझं म्हणणं पक्कं होतं. थप्पी! लाव्हा आला, थिजला. पुन्हा आला, त्याच्यावर थिजला. असं युगानुयुगं. मंगळावर झालंच आहे तसं. तिथे तर लाव्हाचा ढीग एवढा वाढला की त्याच्या ओझ्याने ग्रहाचं कवचच खचलं. आपल्या पृथ्वीवरही लाव्हाच्या थरांवर थर चढून बनलेली पठारं आहेत, त्यांच्या कड्यांवर पायऱ्यांसारखे थर दिसतात. मग शुक्राने काय घोडं मारलंय?

याच विषयावर मी पीएचडी केली होती. पुढची मोहीम याच कल्पनेवर उभी राहणार होती आणि ती मी सांभाळणार, असं जवळजवळ ठरलं होतं.

सोमवारी मीटिंगला मोठ्या मॅडम म्हणाल्या, "गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापासाठी आपल्याकडे काही महिन्यांसाठी एक पाहुणे आलेत." मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, तरी त्यांना दुसरं नाव शोभलं नसतं.

दार उघडलं. मफलर नव्हता. गाल बराच उतरला होता, पण दोन्ही बाजू अजून सारख्या नव्हत्या.

माझ्या हातातला कप बशीवर आपटला.

"या उंचवट्याबद्दल माझं मत वेगळं आहे," पाहुणे खुर्ची ओढत म्हणाले. आवाज छान होता... भुलेशिवाय. "शनिवारी मी एका बाईंना तेच सांगत होतो. हे खालून आलंय म्हटलं. त्यांनी मला दाढेच्या डॉक्टरकडे पाठवलं."

मोठ्या मॅडमसुद्धा हसल्या. माझे कान तापले.

"खालून म्हणजे काय?" मी आवाज शक्य तेवढा कोरडा ठेवला.

"म्हणजे हा उंचवटा ओझ्याने झालेला नाही, रेट्याने झालाय. ग्रहाच्या पोटातून तापलेला खडक वर सरकतो. अगदी सावकाश. वरचं कवच फुगतं, ताणलं जातं, फाटतं. त्या फटींतून थोडा लाव्हा पाझरतो, एवढंच. लाव्हा तिथे पाहुणा आहे. घर त्याने बांधलेलं नाही."

"वा! पाहुणे कोण आणि घर कुणाचं, हे पाहुण्यांनीच सांगावं म्हणजे कमाल आहे."

"चिडलात?"

"मी? छे! मी थप्पीवाली आहे. राग थरावर थर रचून ठेवते."

"मी वरून शांत असतो," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "जे काही असतं ते आत."

"गालावरून दिसतंय!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळी खोली फुटली. त्या क्षणापासून आमच्या केंद्रात तो 'फुगेवाला' झाला आणि मी 'थप्पीबाई'.

मोठ्या मॅडमनी टेबलावर टिचकी मारली. "झालं हसून? ऐका. यान एकदाच खालच्या कक्षेत उतरवणार आहोत. त्या फेरीत बारीक तपशिलाचा एक पट्टा मिळेल, चित्र आणि उंची दोन्ही. पट्टा अरुंद आहे आणि एकच आहे. तो कुठून न्यायचा हे तुम्ही दोघांनी मिळून ठरवायचं. एकमत झालं नाही, तर मी तो सरळ सपाट मैदानावरून नेईन. मग बसा दोघं हात चोळत."

*

दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली आम्हाला मिळाली. एक मोठं टेबल, त्यावर नकाशा, एक न लागणारी खिडकी आणि एक खुर्ची जिचं चाक नेहमी डावीकडे पळायचं. ती खुर्ची त्याने आपण होऊन घेतली. परिणामी बोलता बोलता तो हळूहळू माझ्या बाजूला घरंगळत यायचा. मी म्हणायचे, "सरका." तो म्हणायचा, "मी नाही, खुर्ची."

पेन्सिल कानावर ठेवून तीच पेन्सिल टेबलाखाली शोधायची त्याला सवय होती. डावीकडून गरम पिता येत नाही म्हणून चहा घेताना मान उजवीकडे कलती करायचा, एखाद्या कुतूहलाने बघणाऱ्या पक्ष्यासारखी. मी हे सगळं बघत नव्हते. नकाशा बघत होते. नकाशा त्याच्या बाजूला होता, एवढंच.

"तुमचं ते गुरुत्वाकर्षण नक्की कसं मोजतात?" एकदा मी विचारलं.

"सोपं आहे. यान त्या उंचवट्यावरून जातं तेव्हा एवढंसं जास्त ओढलं जातं. डोळ्यांना दिसत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काही झालंच नाही. पण वेग नीट मोजला की कळतं."

"काय कळतं?"

"की खाली काहीतरी आहे." तो माझ्याकडे बघत होता. कानावरची पेन्सिल घसरून नकाशावर पडली आणि दोघांनी ती एकदमच उचलली...

"तुमची पेन्सिल."

"ठेवा तुम्ही."

न लागणाऱ्या खिडकीतून पावसाचे बारीक तुषार आत येत होते. तो उठला, खिडकीच्या फटीत वर्तमानपत्र कोंबता कोंबता म्हणाला, "तिथेही पाऊस पडतो. तीव्र आम्लाचा. पण जमिनीला लागत नाही. वरच्या वर वाफ होऊन जातो."

"एवढा पाऊस, आणि जमिनीला पत्ताच नाही?"

"पत्ताच नाही."

"असतात अशी माणसं," मी म्हटलं.

तो वळला. "कोण?"

"काही नाही. वाफ झाली."

तो इतका मोकळा हसला की वर्तमानपत्र हातातून सुटून बाहेर उडालं.

भांडणंही झाली, नाही असं नाही. पण पुढच्या मीटिंगमध्ये त्याने जे केलं, तिथे माझं बिनसलं. म्हणजे जे बिनसायला नको होतं तेच. सगळ्यांसमोर त्याचे आकडे अगदी चोख दिसत होते. सगळे माना डोलवत होते. मी मनातल्या मनात हरत होते. आणि तो स्वतःच थांबला.

"एक अडचण आहे," तो म्हणाला. "खालून आलेला लाव्हा वर फुटलाच नाही, कवचाखालीच थिजला आणि कवच जाड झालं, तरी माझे आकडे असेच येऊ शकतात. म्हणजे नुसत्या माझ्या आकड्यांवर कुणी विश्वास ठेवू नका."

कुणी विचारलंही नव्हतं! मी तिथेच बसले, वहीवर उगाच रेघा मारत. छातीत काहीतरी सावकाश वर सरकत होतं. अगदी सावकाश.

त्याच दिवशी दुपारी मी जुन्या, धूसर चित्रात बोट ठेवलं. उंचवट्याच्या उतारावर एक बारीक, नागमोडी रेघ होती. जुन्या काळच्या लाव्हाचा ओघळ. "पट्टा इथून नेऊ. पायथ्यापासून माथ्यापर्यंत. लाव्हाचा ओघळ जिथून निघतो तिथे अरुंद असतो आणि जिथे थांबतो तिथे पंख्यासारखा पसरतो. अरुंद टोक कुठे आणि पंखा कुठे, हे दिसलं की झालं. थप्पी असेल तर ओघळ वरून खाली आलेला असणार."

"आणि जमीन नंतर वर उचलली गेली असेल तर?"

"तर..." मी अडखळले. "तर उतारच उलटा झालेला असू शकेल. लाव्हा चढावर वाहिल्यासारखा दिसेल."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. खुर्ची घरंगळत अगदी जवळ आली होती आणि कुणी "सरका" म्हणालं नाही.

"हे तू सुचवतेस?" तो हळूच म्हणाला. "यात तूच पडशील."

तू...

त्याच्याही लक्षात आलं. "म्हणजे... तुम्ही."

"राहू दे," मी म्हटलं. "तू बरं आहे." आणि मग घाईघाईने, "पडले तर पडले. माझी थप्पी भक्कम आहे."

*

"विरोधक आहे तो माझा," मी आईला सांगितलं.

"हो का?" आई टॉवेल वाळत घालत म्हणाली. ती तरणतलावावर पोहायला शिकवते. माणूस पाण्यात पाय घालायच्या आधीच त्याच्या मनात काय चाललंय ते तिला कळतं. "विरोधकासाठी सकाळी दोनदा केस विंचरलेस ते?"

"त्याची दाढ मी वाचवली आहे," बाबा पेपरमागून म्हणाले. "आपला त्या मुलावर थोडा हक्क आहे."

मी हसले, उशी फेकून मारली, आणि त्या आठवड्यात रोज अर्धा तास आधी कामावर पोचले. पट्ट्यावर दोघांच्या सह्या झाल्या. मोठ्या मॅडमनी भुवया उंचावल्या. "इतक्या लवकर? भांडलात की नाही नीट?" यानाला आज्ञा गेल्या. आता फक्त वाट बघायची होती. माझी तर झोप उडाली होती. जिना चढताना दोन-दोन पायऱ्या, चहात साखर दोनदा, बोलताना शब्दांवर शब्द.

आणि मग जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी सहज म्हणालं, "फुगेवाल्याला त्याच्या जुन्या संस्थेने परत बोलावलंय म्हणे. मोठी जागा देतायत. या आठवड्यात उत्तर द्यायचंय."

मी डबा तसाच टाकून उठले.

तो खिडकीपाशी उभा होता. मी तडक गेले. "जाणार?"

त्याने नाटक केलं नाही. "अजून ठरवलं नाही."

"ठरवायला काय लागतं?"

"कारण," तो म्हणाला. आणि माझ्याकडे बघत राहिला. वाट बघत असल्यासारखा.

माझ्या जिभेवर इतकं काही आलं होतं! सगळं एकदम आलं आणि दारातच अडकलं. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच - "अभिनंदन."

त्याचा चेहरा क्षणभर असा झाला, जसा त्या शनिवारी कळ आल्यावर झाला होता. "थँक्स," तो म्हणाला.

घरी आल्यावर आईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताट वाढायच्या आधीच म्हणाली, "काठावर बसून किती वेळ पाय हलवणार आहेस?"

"पाणी खोल असलं तर?"

"असणारच. म्हणून तर उडी मारतात. उथळ पाण्यात कोण मारतं?"

*

पट्टा आला त्या दिवशी सकाळपासून अख्खं केंद्र आमच्या लांबट खोलीत कोंबलं होतं. खिडकीच्या चौकटीवरही दोघं बसले होते. फक्त तो नव्हता. मोठ्या मॅडमनी त्याला चौथ्या मजल्यावर आपल्या खोलीत बोलावलं होतं. कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं आणि माझ्याकडे कुणी बघत नव्हतं.

स्क्रीनवर चित्र खालून वर उलगडायला लागलं. एकेक ओळ. पायथ्याकडून सुरुवात होती. मैदान, खडबडीत. भेगा. मग ती नागमोडी रेघ. जुन्या चित्रातली धूसर रेघ नव्हे, तर काठ, वळणं, मधली बेटं, सगळं असं स्वच्छ की हात लावावासा वाटावा!

"आली गं आली!" कुणीतरी ओरडलं.

मी श्वास रोखला. रेघ पायथ्याशी अरुंद होती. इतकी अरुंद, की एका छोट्या खड्ड्यातून निघालेली दिसत होती.

पायथ्याशी... निघालेली?

ओळीमागून ओळ येत राहिली. रेघ चढत गेली. रुंद झाली. आणखी वर, आणखी रुंद. आणि उंचवट्याच्या खांद्यावर, माथ्याच्या अगदी जवळ, ती पंख्यासारखी पसरली. फाटे फुटलेली, बोटं पसरलेली, शेवटाला पोचून थांबलेली.

मी स्क्रीनच्या अगदी जवळ सरकले.

"उंचीचे आकडे उलटे लागलेत," मी म्हटलं. तपासले. उलटे नव्हते. शेजारच्या मुलीने तपासले. तिसऱ्याने दुसऱ्याच पद्धतीने काढून बघितले. पंखा वर होता. उगम खाली होता. तो लाव्हा ज्या काळात वाहिला तेव्हा तिथे उतार उलट्या बाजूला होता. माथा नव्हताच मुळी! सगळं पठार नंतर वर आलं, सावकाश, आपल्या पाठीवर तो जुना ओघळ तसाच घेऊन. आणि त्याच्यावरचे कोवळे थर मात्र शहाण्यासारखे चारही बाजूंना खाली उतरले होते. म्हणजे फुगून झाल्यावरही ज्वालामुखी जागा होता.

खालून आलंय...

माझी थप्पी कोसळली होती. वर्षानुवर्षं रचलेली, माझ्या नावाची, माझी लाडकी थप्पी. सगळे माझ्याकडे बघत होते, कुणी धीर द्यायला, कुणी नजर चुकवायला. आणि मला काय होत होतं सांगू? मला नाचावंसं वाटत होतं! एवढं सुंदर काहीतरी इतकी वर्षं त्या ढगांखाली पडून होतं आणि ते मी आत्ता, या खोलीत, या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि ते ज्याला सांगायचं तो वर होता.

मी पळाले.

जिन्यावरून धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर पोचते तर लिफ्टपाशी गर्दी. आमची लिफ्ट मनात येईल तेव्हा चालते. आज तिच्या मनात नव्हतं. वॉचमन काका जाळीच्या दारापाशी वाकून आत बघत होते.

"अडकली. वर ना खाली," काका म्हणाले. "मिस्त्रीला फोन केलाय."

"आत कोण आहे?"

"तुमचे फुगेवाले साहेब आहेत. आणि मोठ्या मॅडम."

मी जमिनीवर बसले. लिफ्ट चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लटकली होती. जाळीतून वर पाहिलं तर फक्त बूट दिसत होते. एक जोडी ओळखीची, लेस सुटलेली.

"ऐकतोयस का?" मी ओरडले.

बूट दचकले. "कोण? तू? पट्टा आला?"

"आला! पंखा वर आहे!"

"काय?"

"पंखा वर! उगम पायथ्याशी! लाव्हा चढावर वाहिलाय!"

मग त्याचा आवाज, अगदी सांभाळून, "उंची तपासलीस? आकडे उलटे तर नाही ना लागले?"

"तिघांनी तपासले. मी चुकले. पूर्ण चुकले! पठार खालून आलंय!"

यावर लिफ्टमधून जो आवाज आला तो एखाद्या सुशिक्षित माणसाचा नव्हता. लिफ्ट गदगदा हलली. मोठ्या मॅडम ओरडल्या, "अरे, उड्या मारू नकोस! लटकलोय आपण!"

मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. जिन्यावर आमची सगळी खोली येऊन उभी होती. काका माझ्याकडे काळजीने बघत होते.

"मग आता..." वरून त्याचा आवाज आला, बदललेला. "आता प्रश्न सुटला. माझं इथलं काम झालं म्हणायचं. मी परत जायला हरकत नाही."

मी जाळी दोन्ही हातांनी धरली. "हरकत आहे," मी म्हटलं.

"काय? ऐकू आलं नाही."

"हरकत आहे..."

"अगं, नीट बोल!" मोठ्या मॅडमचा आवाज. "इथे पंखा घरघरतोय. कसली हरकत आहे? कुणाची?"

मी मागे बघितलं. जिनाभर माणसं. सगळ्यांचे कान टवकारलेले. म्हटलं, गेलं उडत.

"माझी!" मी ओरडले. अशी ओरडले की तळमजल्यावरचं कुणीतरी बाहेर आलं. "माझी हरकत आहे! त्याने जायचं नाही! तो कारण मागत होता ना, हे घ्या कारण. तो मला आवडतो! खुर्ची घरंगळली नाही तरी तो मला जवळ हवा आहे!"

वरचे बूट हललेसुद्धा नाहीत. मला वाटलं, आता जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

आणि त्याच क्षणी लिफ्टच्या मनात आलं. धाडकन एक हिसका, आणि ती सरसरत खाली आली, थेट माझ्यासमोर. मी जाळी सोडून मागे सरकले. काकांनी दार ओढलं.

आधी मोठ्या मॅडम बाहेर आल्या. पदर सारखा केला. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं. "पुढची मोहीम तूच सांभाळायचीस. आपलंच म्हणणं पाडणारी जागा स्वतः शोधणारं माणूस मला रोज मिळत नाही," त्या म्हणाल्या. मग जिन्याकडे वळून, "आणि तुम्ही सगळे? पट्टा काय आपोआप वाचला जाणार आहे? चला!"

जिना रिकामा झाला. काकासुद्धा अचानक मिस्त्रीला बघायला खाली गेले.

तो लिफ्टच्या दारात उभा होता. केस विस्कटलेले, पेन्सिल कानावर.

"मी मॅडमना सांगितलं होतं," तो म्हणाला. "लिफ्ट अडकायच्या आधीच. मी परत जात नाहीये. इथली छोटी जागा चालेल म्हटलं."

मला क्षणभर काही कळलंच नाही. "आधीच? पट्टा यायच्या आधी?"

"हो."

"आणि पट्ट्यात थप्पी निघाली असती तर?"

"तर रोज तुझ्याकडून ऐकून घेतलं असतं... जन्मभर." तो लाल झाला होता, दोन्ही गालांनी सारखाच.

"मग ते 'परत जायला हरकत नाही' काय होतं?"

"ते..." त्याने मान कलती केली. "तुझं ते 'अभिनंदन' फार लागलं होतं गं. म्हटलं, एकदा नीट विचारून बघू. मला काय माहीत तू तळमजल्यापर्यंत सांगशील!"

"लबाड!" मी त्याला मारायला हात उचलला. तो हात त्याने धरला. सोडला नाही. त्याची बोटं गार होती, आणि माझीही. आम्ही असे किती वेळ उभे होतो कोण जाणे. खालून कुणीतरी हाक मारली, मग दुसऱ्याने त्याला गप्प केलं.

"मला पण तू..." तो म्हणाला, आणि अडखळला. मोठाले आकडे तोंडपाठ असणारा माणूस तीन शब्दांत अडखळला.

"सावकाश," मी म्हटलं. "वाफ होऊ देऊ नकोस."

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. स्वच्छ, मोठ्याने, एकही शब्द न गिळता. मग एक मोठा श्वास सोडला, आणि त्याच्या डोळ्यांत ती दुसरी चमक आली, जी मला आता चांगली ओळखीची होती. "पंखा खरंच वर आहे?"

"अगदी खांद्यावर. बोटं पसरून बसलाय."

"दाखव ना!"

लिफ्टचं दार उघडंच होतं. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मी त्याचा हात घट्ट धरला आणि जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत त्याला खाली ओढत नेलं.